रेडिओवर पेटी म्हणाले होते

आजोबांनी पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला आणि माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवला. सोबत दोन कापडी पिशव्या होत्या, नीट घडी घातलेल्या. "बाळ, पेटी इथंच मिळायची ना? बांधून नेतो. हडपसरला जायचंय, बसमध्ये फुटायला नको." त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी फळ्यांची, गवत घातलेली पेटी होती. माझ्या टेबलाखाली पुठ्ठ्याचे खोके होते आणि एका खोक्यात सहा आंबे. तेव्हा चार वाजले होते, वाटप पाचला सुरू व्हायचं होतं. मी त्यांना म्हटलं, "आजोबा, रांगेत थांबा, मिळेल." हे 'मिळेल' कशाच्या भरवशावर म्हटलं, ते मला आजही सांगता येत नाही.

मे महिन्यातला रविवार होता. पुण्यात सारसबागेबाहेरचा पदपथ, समोर सणस मैदान. मी पत्रकारितेच्या एम.ए.चं पहिलं वर्ष संपवून एका खासगी एफएम स्टेशनवर दोन महिन्यांसाठी इंटर्न म्हणून लागले होते. मला माईकसमोर बसायचं होतं. पहिले तीन आठवडे गाण्यांच्या याद्या तपासण्यात गेले. मग शुक्रवारी प्रमोशनच्या ताई म्हणाल्या, "रविवारी अ‍ॅक्टिव्हेशन आहे. टी-शर्ट घेऊन जा, दहाला ऑफिसला ये." अ‍ॅक्टिव्हेशन म्हणजे रस्त्यावर जाऊन करायची जाहिरात. मी हरखून गेले. किती वाजेपर्यंत, किती माणसं येणार, सोबत कोण असणार, यातलं काहीच विचारलं नाही. विचारलं तर कामाची कुरकुर वाटेल, अशी धास्ती होती. आता मी दुसऱ्या एका स्टेशनवर निर्मितीचं काम करते. दर उन्हाळ्यात नवी मुलं येतात, तसेच टी-शर्ट घालून उन्हात उभी राहतात. त्यांना मी जे सांगते ते सगळं त्या एका रविवारी शिकलेलं आहे.

घडलं ते असं. आंब्याच्या एका व्यापाऱ्याने जाहिरातीच्या सौद्यात पन्नास खोके दिले होते. शनिवारी रात्री ऑफिसमधून त्यातले दहा कुणाकुणाच्या पाहुण्यांकडे गेले. रेडिओ जॉकीच्या, आमच्या भाषेत जॉकच्या, हातात जो कागद होता त्यावर पन्नासच लिहिलेलं राहिलं. जॉकने सकाळच्या शोमध्ये, स्वतःच्या उत्साहात, खोक्याची पेटी केली. 'आज पाच वाजता सारसबागेपाशी या, पहिल्या पन्नास जणांना हापूसची पेटी!' दिवसभरात हे चार-पाच वेळा हवेत गेलं. मी ते एकदाही ऐकलं नाही, कारण मी टेम्पोत लोखंडी दांड्यांच्या शेजारी बसून सामान सांभाळत होते. ज्या वाक्याच्या भरवशावर माणसं घरून निघाली, ते वाक्य काय होतं हे त्या पदपथावर टी-शर्ट घालून उभ्या असलेल्या कुणालाच माहीत नव्हतं.

पेटी आणि खोका यांतला फरक पुण्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मार्केट यार्डात हापूसचा भाव निघतो तो पेटीवर, आणि पेटी म्हणजे चार ते आठ डझन. डझनभराचा असतो तो खोका. आमचा त्याच्याही निम्मा. जॉकच्या दृष्टीने तो केवळ कानाला बरा लागणारा शब्द होता. हडपसरच्या एका घरात मात्र त्या शब्दासाठी सुतळी शोधली गेली, पिशव्यांना घडी घातली गेली आणि उन्हात दोन बस बदलल्या गेल्या.

रेडिओवर माणसं एवढा विश्वास का ठेवतात, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं १९५३ साली. आजोबांच्या वयाच्या माणसांची अख्खी हयात सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या ऐकण्यात गेली आहे. त्या आवाजाने सांगितलेलं खरं असतं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीही नाही. आमचं काम गाणी, गप्पा आणि जाहिराती. पण घरातल्या त्याच पेटीवजा यंत्रातून, नाहीतर आता फोनमधून, तसाच माणसाचा आवाज येतो आणि ऐकणारा त्याला तोच विश्वास देऊन टाकतो. आम्ही तो विश्वास कमावलेला नाही, आम्हाला तो वारशाने मिळालाय. म्हणूनच त्याला जपायला हवं.

आता उन्हाचं. साडेबाराला आम्ही पोहोचलो. दहा बाय दहाची घडीची कॅनोपी, दोन स्टँडी, एक स्पीकर, टेबल, सोडतीच्या चिठ्ठ्या टाकायचा पारदर्शक डबा. आम्ही दोन इंटर्न, कॅनोपीवाल्याचा एक मुलगा आणि व्यापाऱ्याचा एक माणूस. ताई पिंपरीच्या दुसऱ्या कार्यक्रमाला. सकाळी खाल्लेल्या पोह्यांवर मी होते, आणि पाणी मुद्दाम टाळत होते, कारण स्वच्छतागृह कुठे आहे ते ठाऊक नव्हतं आणि जागा सोडून जाऊ का, हे विचारायला कुणी नव्हतं. बाहेर काम करणाऱ्या मुली हेच करतात. तीनच्या सुमाराला टेबलाची कड धरून मी खाली बसले. कानात घूं असा आवाज आणि समोर सगळं पांढरं. शेजारच्या लिंबू-सरबताच्या गाडीवाल्या काकांनी मला सावलीत ओढलं, मीठ जास्त घातलेलं सरबत पाजलं, गमछा ओला करून मानेवर ठेवला. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "आधी माणूस उभं राहू दे, मग जाहिरात."

२०२३ साली १६ एप्रिलला खारघरच्या मोकळ्या मैदानात भर उन्हात झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ माणसं उष्माघाताने दगावली. ती काही डोंगर चढत नव्हती, नुसती बसलेली होती. तेव्हा ऊन सहन करणं हा कामसूपणा नाही, हे नव्या मुलांनी मनात पक्कं करावं. घरून निघताना लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून न्यावं. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट घेत राहावं. जागेवर पोहोचल्यावर स्टँडी उभी करण्याआधी स्वच्छतागृह शोधावं. सोबतचं कुणी असंबद्ध बोलायला लागलं, चालताना झोकांड्या खायला लागलं, अंग तापलेलं असून घाम थांबला, तर सरबत पाजत बसू नये. सावलीत नेऊन अंग ओलं करावं आणि १०८ ला फोन करावा. आणि दर तासाला आळीपाळीने दहा मिनिटं सावलीत बसायचं, हे वरिष्ठांकडून आधीच कबूल करून घ्यावं. विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात. मी विचारलंच नव्हतं.

साडेतीनला एक हवालदार मोटारसायकलवरून आले. "स्पीकरची परवानगी दाखवा." ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आहेत, परवानगीशिवाय ध्वनिवर्धक लावता येत नाही. परवानगी काढलेली होती, पण कागद ऑफिसच्या कपाटात. त्यांनी सौम्यपणे सांगितलं, कागद येईपर्यंत बंद ठेवा. रविवारी कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात वेळ गेला, आणि कागदाचा फोटो फोनवर आला तेव्हा सहा वाजून गेले होते. म्हणजे ज्या दोन तासांत गर्दीशी बोलायची सगळ्यात जास्त गरज होती, त्या दोन तासांत आमच्याकडे आवाज नव्हता. रेडिओची माणसं आणि मुकी. परवानगीच्या प्रती, पोलिसांच्या आणि महापालिकेच्या, स्वतःच्या फोनमध्ये आणि कागदावर अशा दोन्ही रूपांत जवळ असल्याशिवाय टेम्पोत चढू नका.

पाचला वाटप सुरू झालं तेव्हा रांग बागेच्या फाटकापलीकडे गेली होती. पंचवीस मिनिटांत चाळीस खोके संपले. एकेचाळिसाव्या क्रमांकावर एक बाई होत्या, कडेवर मूल. त्यांच्या मागचा तरुण म्हणाला, "ताई, पन्नास म्हणाले होते. मी सत्तेचाळिसावा आहे, आम्ही मोजलंय." लोकांनी स्वतःहून रांग मोजली होती. मी मोजली नव्हती. मी म्हटलं, "थांबा, मागवते." दुसऱ्यांदा मी असं काहीतरी बोलून गेले ज्याला काही आधार नव्हता. ताईंचा फोन लागेना. स्टुडिओचा थेट नंबर माझ्याकडे नव्हता.

आणि तेवढ्यात कडेला उभ्या असलेल्या एका रिक्षात आमचंच स्टेशन लागलेलं ऐकू आलं. गाणं संपलं आणि जॉक म्हणाली, "अजूनही वेळ गेलेली नाही, सारसबागेकडे धाव घ्या!" रांगेतल्या निदान दहा माणसांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतर वळीव आला. पुण्यात मेच्या दुपारनंतर ढग भरून येतात, हे शाळकरी पोरही सांगेल. आमच्या नियोजनात तो नव्हता. आधी धुळीचा लोट, मग वारा, मग टपोरे थेंब. रांग मोडली आणि दीड-दोनशे माणसांपैकी जेवढी मावतील तेवढी, आणि त्यानंतरही बरीच, त्या दहा बाय दहाच्या छताखाली शिरली. कॅनोपीच्या पायांना वजनं नव्हती. एक पाय दोरीने रेलिंगला बांधलेला, बाकीचे मोकळे. वाऱ्याने छत फुगलं, गर्दीने टेबल ढकललं, आणि घडीची ती लोखंडी कात्री एका बाजूने मिटायला लागली. त्या कात्रीत आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाचं बोट सापडलं.

ओरडा ऐकू आला आणि सगळे मागे झाले. माझ्याकडे प्रथमोपचाराची पेटी नव्हती. ओढणी गुंडाळून बोट दाबून धरलं. त्याच रिक्षातून त्याला आणि त्याच्या आईला दवाखान्यात नेलं. तीन टाके पडले. आई वाटेत मला एक शब्दही बोलली नाही. मुलगा मात्र मुसमुसत विचारत होता, "आंबे मिळणार का?" तो प्रश्न माझ्या कानातून गेलेला नाही.

पावसात माणूस मिळेल त्या आडोशाला धावतो. २०२३ साली १७ एप्रिलला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याला वादळी पावसात आडोशाला थांबलेल्या लोकांवर जाहिरातीचा फलक कोसळला आणि पाच जण गेले. पुढच्या वर्षी १३ मेला घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय फलक पडला, १७ जण गेले. आमची कॅनोपी त्यांच्यापुढे काहीच नाही, पण वारा तोच आणि महिनेही तेच. एप्रिल-मेमध्ये रस्त्यावर छत उभारत असाल तर चारही पायांना वाळूच्या गोण्या किंवा पाण्याचे भरलेले कॅन बांधून घ्या, कॅनोपीवाला 'काही होत नाही ताई' म्हणाला तरी. आभाळ काळवंडलं की छत मिटवा आणि लोकांना आधीच हेरून ठेवलेल्या पक्क्या इमारतीकडे पाठवा. भिजल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

दवाखान्यातून परत आले तेव्हा पाऊस थांबला होता. सोडतीच्या डब्याचं झाकण उडालं होतं आणि लोकांनी नाव, नंबर, पत्ता लिहून टाकलेल्या चिठ्ठ्या रस्त्यावरच्या चिखलात पसरल्या होत्या. एका चिठ्ठीवर बाईंनी सोसायटीचं नाव आणि फ्लॅट क्रमांकही लिहिला होता. मी त्या सगळ्या वेचल्या, निदान दिसल्या तेवढ्या. आता व्यक्तिगत विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे. पण कायदा नसता तरी अनोळखी माणसाने आपला नंबर विश्वासाने दिलाय, एवढं पुरे आहे. चिठ्ठीवर गरजेपेक्षा जास्त विचारू नका, डबा बंद असू द्या, कुणाचे तपशील स्वतःच्या फोनमध्ये उतरवू नका, आणि परतल्यावर डबा कुणाच्या हातात दिला त्याचं नाव लिहून ठेवा.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली, जी मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. फोटोच्या निमित्ताने व्यापाऱ्याच्या त्या माणसाने खांद्यावर ठेवलेला हात काढलाच नाही. मी सरकले, तोही सरकला. मला वाटलं, मी तर दोन महिन्यांची पाहुणी, नोकरीतही नाही, माझी तक्रार कोण घेणार? ही समजूत चुकीची होती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही 'कर्मचारी' या व्याख्येत येतात, पगार असो वा नसो. कामानिमित्त जिथे जाल तो पदपथसुद्धा कामाचं ठिकाण आहे, कंपनीने दिलेली ने-आणीची गाडीही. छळ करणारा बाहेरचा असला तरी तक्रार करता येते. तीन महिन्यांच्या आत, लेखी. मुलींनो, इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी तक्रार समितीवर कोण आहे ते विचारून घ्या. आणि मुलग्यांनो, शेजारची मैत्रीण फोटोत आक्रसलेली दिसली तर मध्ये जाऊन उभे राहा.

त्यानंतर दोन-एक महिन्यांनी, दुसऱ्या वर्षाच्या माध्यम कायद्याच्या तासाला, सरांनी अमेरिकेतला एक खटला शिकवला : वाइरम विरुद्ध आरकेओ जनरल. लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ स्टेशनने १९७० च्या उन्हाळ्यात स्पर्धा लावली होती. त्यांचा लोकप्रिय जॉक गाडीतून शहरभर फिरायचा, तो आता कुठे आहे हे हवेतून सांगितलं जायचं आणि जो आधी पोहोचेल त्याला बक्षीस. दोन वेगवेगळ्या गाड्यांतली किशोरवयीन मुलं त्याच्या मागे सुसाट सुटली आणि त्या शर्यतीत एका तिसऱ्याच माणसाची गाडी रस्त्यावरून ढकलली जाऊन उलटली. तो माणूस मेला. त्याचा रेडिओशी काही संबंध नव्हता. गाडी मुलांनी चालवली, आमचा काय दोष, असं स्टेशनचं म्हणणं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ते मानलं नाही. तुम्ही लोकांना धावायला लावलंत, तर धावण्याचा धोका तुम्हाला आधी दिसायला हवा होता, असा त्या निकालाचा आशय. वर्गात सगळे वही भरत होते. मला रिक्षातलं ते वाक्य ऐकू येत होतं : धाव घ्या.

म्हणून आता सगळ्यात महत्त्वाचं. बाहेर जाण्याआधी निर्मात्याकडून हवेत जाणारं वाक्य शब्दशः लिहून घ्या. वस्तू स्वतःच्या हाताने मोजा, आणि मोजलेला आकडा निर्मात्याला लेखी कळवा; हवेत जायचा तो हाच आकडा, विक्री विभागाच्या कागदावरचा नव्हे. दिवसभर एका कानात आपलं स्टेशन चालू ठेवा. स्टुडिओत त्या वेळी जो बसलेला असेल त्याचा थेट नंबर घ्या, आणि 'थांबवा' असा निरोप आला तर पुढचं गाणं संपताच जॉक ते बोलेल, हे आधी ठरवून घ्या. वर्तमानपत्रातली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते; रेडिओची पाच मिनिटांत होऊ शकते. ज्या माईकने माणसं बोलावली त्याच माईकवरून 'आंबे संपले, आता निघू नका' एवढं त्या दिवशी कुणी म्हटलं असतं, तर वळीव येईपर्यंत तिथे निम्मीही गर्दी राहिली नसती.

आणि टोकन. रांग लागायला सुरुवात झाली की क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटायच्या, जेवढ्या वस्तू तेवढ्याच. एकेचाळिसाव्या माणसाला साडेचारला 'नाही' सांगितलं तर तो हळहळतो आणि बागेतल्या गणपतीचं दर्शन घेऊन घरी जातो. त्यालाच तासभर उन्हात उभं करून साडेपाचला 'नाही' सांगितलं तर तो टेबलावर हात आपटतो, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. वस्तू गर्दीत भिरकावायची तर कधीच नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. टी-शर्ट घातला की समोरच्याच्या लेखी तुम्हीच स्टेशन. तेव्हा तुमच्या तोंडून 'मिळेल' किंवा 'मागवते' निघण्याआधी, ते देणं तुमच्या हातात आहे का, एवढं बघा. 'मला ठाऊक नाही, विचारून सांगते' हे वाक्य लोक ऐकून घेतात.

आजोबा गर्दीत शिरले नव्हते. मी परतले तेव्हा ते सरबताच्या गाडीपाशी बाकावर बसले होते, शर्ट भिजलेला. मी जवळ जाऊन सांगितलं की आंबे संपले, आणि पेटी नव्हतीच, सहा आंब्यांचे खोके होते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रेडिओवर पेटी म्हणाले होते." आवाजात राग नव्हता, आपल्या ऐकण्यातच काही चुकलं का, असा तो सूर होता. मी म्हटलं, "हो आजोबा, म्हणाले होते. आमचं चुकलं." सुतळीचा गुंडा टेबलाखाली चिखलात पडला होता. मी तो पुसून दिला आणि त्यांना स्वारगेटपर्यंत सोडून आले.

गेल्या मेमध्येही आम्ही आंबे वाटले. जॉकच्या कागदावर मी लिहिलेलं वाक्य असं होतं : 'सहा आंब्यांचा एक खोका, चाळीस जणांना, टोकन चार वाजता, टोकन संपली की आम्ही इथेच सांगू.' तिला ते रुक्ष वाटलं. मी तिला सुतळीची गोष्ट सांगितली. तिने कागद घेतला आणि जसं होतं तसं वाचलं. चार वाजून वीस मिनिटांनी इंटर्न मुलाचा फोन आला, टोकन संपली. पुढचं गाणं तिने अर्ध्यावर थांबवलं आणि सांगितलं.